बोट लागली, बातमी लागली

मी बुडता बुडता वाचले, ही बातमी मला पेपरातून कळली.

सकाळी चहा घेताना नवऱ्याने पेपर माझ्याकडे सरकवला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बरी आहेस ना?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्याने मला तापातही कधी विचारलेला नाही. मी घाबरून पेपर उचलला. आतल्या पानावर, आंब्याच्या खताच्या जाहिरातीच्या डोक्यावर, ठसठशीत मथळा होता: ‘खाडीत प्रवासी बोट खडकाला लागली, महिला बालंबाल बचावली’.

"अगं बाई! कोण हो ही बिचारी?" मी म्हटलं.

"तूच," नवरा म्हणाला.

बातमीत असं होतं, की ऐन भरतीच्या वेळी बोट खडकाला लागल्याने एकच घबराट उडाली. प्रवासी जिवाच्या आकांताने एका बाजूला धावले. एका महिलेकडील सर्व सामान खाडीत वाहून गेले. बोटचालकाने मात्र बघ्याची भूमिका घेतली. अखेर दोन महिलांनी प्रसंगावधान राखून तिला किनाऱ्यावर आणले. आणि अशा बातमीला शेपूट हवंच, म्हणून शेवटच्या ओळीत जलवाहतुकीच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला होता.

"सामान कुठलं गं वाहून गेलं?" नवऱ्याने विचारलं.

"घावणे," मी म्हटलं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही खडक घालाल मध्ये.

मी रत्नागिरीत, मांडवीला राहते. नोकरी करते, संसार करते, आमच्या हौशी नाट्यमंडळात आजवर बऱ्याच वेळा विधवा आणि एकदा पोलिस झाले आहे. आणि ब्लॉग लिहिते. ब्लॉगची संपादक मी, बातमीदार मी, शुद्धलेखन तपासणारी मी आणि सुरुवातीला कित्येक महिने वाचकही मीच. हळूहळू इतर लोक यायला लागले. मी लिहिते ते काही फार थोर नसतं. स्टँडवर एसटीची घोषणा करणाऱ्या माणसाला सर्दी झाली की सगळ्या गाड्या ‘बुंबई’ला कशा जातात, जांभ्याच्या पायरीवर सांडलेलं तेल धुऊन काढायच्या किती अघोरी पद्धती आमच्या आळीत आहेत, असलं. थोडं वाढवून लिहिते. थोडं म्हणजे, रंगमंचावर मागच्या रांगेपर्यंत पोचायला जेवढं वाढवावं लागतं तेवढंच.

तर नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, खाडीपलीकडच्या गावात. पुलावरून गाडीने जायचं तर अर्धा तालुका बघून होतो, म्हणून मी चाचांच्या बोटीने गेले. चाचा म्हणजे खाडीवर प्रवासी बोट चालवणारे म्हातारे गृहस्थ. पूर्वी ते जहाजावर होते, मुलं आखातात गेली तेव्हा हे उलटे घरी आले आणि बोट घेतली. पावसाळाभर बोट किनाऱ्यावर आडवी असते. नारळी पौर्णिमा होऊन खाडी शांत झाली की चाचा ती पुन्हा पाण्यात लोटतात. अलीकडच्या कोळणी, पलीकडची कॉलेजची मुलं, बाजाराला येणारी माणसं, सगळ्यांचं जाणं-येणं त्या एका बोटीवर.

सकाळी मी घावणे खाल्ले होते. नारळाच्या रसाबरोबर. किती, हा प्रश्न पुढे एका बाईने मला विचारला, त्याचा समाचार तिथे घेईन. खाडीच्या मधोमध भरतीचं पाणी फुगलं, बोट डोलायला लागली आणि मला बोट लागली. झालं. एवढीच घटना.

घरी आल्यावर मी ब्लॉगवर लिहिलं. ओकारी हा शब्द मी लिहीत नाही, आमच्या आईने असले शब्द तोंडात येऊ दिले नाहीत. त्यामुळे मी सुसंस्कृतपणे लिहिलं, ते असं:

‘परवा ऐन भरतीत खाडीत बोट लागली. आणि लागली ती अशी, की सगळे प्रवासी घाबरून एका बाजूला झाले. सकाळपासून जे काही प्रेमाने जमवलं होतं ते सगळं खाडीत गेलं. पैलतीर दिसत होता, पण येत नव्हता. चाचा नुसते बघत राहिले. शेवटी दोघी बायांनी धरून मला काठावर आणलं. वाचले! साखरपुड्याला पोचले, पण ओल्या पदराने.’

आता मला सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? माझ्या प्रत्येक वाचकाला कळलं. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, आल्याचा तुकडा दाढेत धरून बसत जा.’ ‘मधोमध बसायचं आणि लांब बघायचं.’ दुबईहून एकीने विचारलं होतं, ‘नारळाचा रस होता का? मग लागणारच.’ दुबईतल्या बाईला जे कळलं ते आमच्याच जिल्ह्याचं पान छापणाऱ्याला कळू नये?

मी अजून पेपर हातात घेऊन धुमसत होते, तेवढ्यात फाटकाशी चाचा आले. हातात तोच पेपर, चौकोनी घडी केलेला. मी म्हटलं, "या ना चाचा, आत या. चहा टाकते."

"नको गो बाय. तुज्या घरात काय बुडलं तर माज्यावर येल."

मी पायऱ्या उतरून खाली गेले.

"माजी बोट खडकाला लागली?" त्यांनी विचारलं.

"नाही हो चाचा."

"मंग खडक कुठना आनलास?"

"मी नाही आणला. पेपरवाल्यांनी आणला."

"नि मी नुसता बघत राह्यलो?"

इथे माझी जरा पंचाईत झाली. "ते मी लिहिलं होतं. पण गमतीत."

"दोनी हात सुकाणावर माजे. मी बघू नको तर काय करू? सुकाणू सोडून तुजी पाठ चोळू?"

मागे पायरीवर नवरा हसला. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं, की तो चहा टाकायला आत गेला.

चाचा हसले नाहीत. सकाळीच त्यांना बंदराच्या कचेरीतून फोन आला होता, चौकशी पुरी होईपर्यंत बोट बांधून ठेवा. कधी पुरी होणार ते फोन करणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आणि त्यामागून कुवेतहून मुलाचा. मुलगा गेली काही वर्षं म्हणतोच आहे, अब्बा आता बास, बोट विका आणि घरात बसा. आता त्याच्या हातात पुरावा आला. पेपरच आला.

"तो म्हनतो, या महिन्यात गिऱ्हाईक बघतो," चाचा म्हणाले. "घरात बसून मी काय करू गो? भिंतीला सुकाणू लावू?"

"चाचा, मी काही पेपर नाही. मी ब्लॉग लिहिते. माझं मला जे वाटतं ते. दोन्हीत फरक आहे."

"असंल. माज्या पोराला दोनी एकाच मोबाईलवर दिसतात."

आणि चहा न घेता ते गेले. आमच्या घरून चहा न घेता गेलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मी साडी बदलली आणि पेपरच्या कार्यालयात गेले. पोलिसाची भूमिका केली तेव्हा जसं चालायचे तसं चालत गेले. पेपरचं रत्नागिरीतलं कार्यालय म्हणजे एका जिन्यावरची खोली. दोन टेबलं, एक पंखा आणि एक कार्यालयप्रमुख. मी पेपर त्यांच्यापुढे आपटला.

"मीच ती बालंबाल बचावलेली महिला."

"अरे वा!" ते आनंदाने उठले. "बसा ना ताई. धक्क्यातून सावरलात? एक फोटो घेऊ या का?"

मी त्यांना माझी पोस्ट वाचून दाखवली, हावभावांसकट. तिसऱ्या वाक्याला त्यांना कळलं. ते मूळचे इथलेच. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, बोट *लागली*!"

"तेच म्हणतेय मी."

"पण ही बातमी आमच्याकडून गेलीच नाही ताई. पानं आता इथे लागत नाहीत, घाटावर लागतात. तिथल्या टेबलावर कुणाच्या तरी मोबाईलवर तुमचा मजकूर फिरत आला असणार. त्यांच्याकडे खताच्या जाहिरातीवर जागा उरली होती, आणि लागली बातमी."

मी म्हटलं, लावा फोन घाटावर. त्यांनी लावला आणि सगळ्या खोलीला ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे एक गृहस्थ होते. आवाज अतिशय नम्र. हे मला जास्त लागलं, कारण उद्धट माणसाशी भांडायची माझी तयारी होती.

"मॅडम, आम्ही तुमचंच घेतलंय. एक अक्षर मनाचं नाही."

"खडक?"

"तो संदर्भाने आला. लागली म्हणजे कशाला तरी लागली असणार ना? खाडीत काय असतंय? खडक."

"त्या वाटेवर गाळ आहे हो! ढोपरभर गाळ! बरं, तुम्हाला कधी गाडी लागते का?"

"रोज लागते की. सकाळी सातला स्टँडला."

मी पाण्याचा पेला मागितला. कार्यालयप्रमुखांनी दिला.

"आणि मला एक फोन करावा असं तुम्हाला वाटलं नाही? चाचांना? कुणालाही?"

"पण मॅडम, सगळं लिहिलेलंच होतं की. मग विचारायचं काय?"

हे वाक्य मी आजही अधूनमधून मोठ्याने म्हणून बघते. दर वेळी संताप ताजा होतो. अहो, मी माझ्या पोटाबद्दल लिहिलं. माझ्या पोटाला साक्षीदार लागत नाही. मी माझ्या ओसरीवर बसून हातवारे करून काहीही सांगेन. माझ्या ओसरीवर येणाऱ्याला माहीत असतं, की ही बाई हात जरा मोठेच करते. तुम्ही तेच उचलून जिल्हाभर वाटणार, वर गंभीर तोंडाने ‘प्रसंगावधान’ लिहिणार, तर तुम्ही निदान विचारायला नको, की बाई, हात खरंच एवढा मोठा होता का? नाहीतर तुमच्यात आणि आमच्या आळीच्या नळावर फरक काय? नळावर निदान पाणी तरी येतं.

कार्यालयप्रमुख म्हणाले, उद्या खुलासा टाकू. कुठे, असं मी विचारलं, तर त्यांनी राशिभविष्याच्या खालची चिंचोळी जागा बोटाने दाखवली.

तिथून मी कचेरीत गेले. तिथले साहेब माझ्याशी अगदी चांगलं बोलले. मी त्यांना मोबाईलवर पोस्ट दाखवली, खालच्या आल्याच्या सूचनाही दाखवल्या.

"हे ब्लॉग ना?" ते म्हणाले. "हे कसं धरणार? ब्लॉगवर काय, कोणीही काहीही लिहितं."

"अहो, पण पेपरात आलंय ते याच ब्लॉगवरून आलंय!"

"बरोबर. पण ते पेपरात आलंय. आमच्याकडे कात्रण लावलंय."

म्हणजे माझंच वाक्य माझ्याकडे असताना गप्पा, आणि खडकाला आपटून पेपरात गेलं की पुरावा. आणि त्या मूळ गप्पा दाखवून पुरावा खोडायला जावं, तर पुन्हा त्या गप्पाच! मी तिथे उभी राहून एक छोटंसं भाषण केलं. शिपाई दाराशी येऊन ऐकत होता, त्याला आवडलं. साहेबांनी मात्र कात्रण काढलं नाही.

घरी येऊन मी ब्लॉगवर आग ओकली. हो, इथे मी ओकली हा शब्द लिहिते. पेपरला धुतलं, घाटाला धुतलं, कचेरीला धुतलं, मराठीतल्या ‘लागणे’ या क्रियापदाचे अर्थ ओळीने मांडले. भूक लागते, नजर लागते, दम लागतो, वेड लागतं, तुम्हाला लाज का नाही लागत? (वाटत, हे मला ठाऊक आहे. संतापात चालतं.) लोकांनी ती पोस्ट डोक्यावर घेतली. इतके वाचक मला कधी आले नव्हते. पुण्याहून, लंडनहून, कुठून कुठून हसून पोट दुखल्याचे निरोप आले. मी दोन दिवस तरंगत होते.

बोट मात्र बांधलेलीच होती. नवऱ्याने बाजारातून आल्यावर सांगितलं, पलीकडची मुलं आता रिक्षाने पुलावरून येतात आणि पहिला तास बुडतो. चाचांच्या घरी बोट बघायला कुणी येऊन गेलं म्हणे.

"तुझी पोस्ट छान झालीय पण," तो म्हणाला. असं चांगलं बोलून तो मला मारतो.

मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती आली. पेपरची रत्नागिरीतली बातमीदार, तिशीची असेल. बातमी छापली तेव्हा ती रजेवर होती. मी तिला दारातच म्हटलं, "माझी पोस्ट वाचलीस ना? त्यात सगळं आहे."

"वाचली. फार हसले," ती म्हणाली. "पण त्यावरून मला बातमी करता येणार नाही. मी विचारू का थोडं?"

आपल्या बाजूचं माणूस मिळालं या आनंदात मी तिला बसवलं, सोलकढी दिली. आणि त्या बाईने माझी जी उलटतपासणी घेतली, तशी माझ्या सासूनेही घेतली नव्हती.

"बोटीत कुठे बसला होतात?"

"कडेला."

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"घावणे."

"किती?"

"याचा खाडीशी काय संबंध?"

"बोटीमुळे झालं की न्याहारीमुळे, एवढंच बघतेय. ओकारी झाली, बरोबर?" ती तो शब्द सरळ बोलली! माझ्या दिवाणखान्यात! "आणि ‘सगळे घाबरून एका बाजूला झाले’ असं लिहिलंयत. घाबरून, की साड्या वाचवायला?"

मी सोलकढीच्या पेल्याकडे बघितलं. "दोन्ही," मी म्हटलं.

"आणि ‘चाचा नुसते बघत राहिले’. हे तुम्हाला कसं दिसलं? तुमचं तोंड तर खाडीकडे होतं ना?"

स्वयंपाकघरातून नवऱ्याचा खोकल्याचा आवाज आला. त्याला खोकला झालेला नव्हता.

"एक शेवटचं. लाइफ जॅकेट घातलं होतंत?"

नव्हतं. साखरपुड्याची रेशमी साडी, तिच्यावर ते नारिंगी गाठोडं कोण घालेल? बोटीत कुणीच घातलं नव्हतं, कुणीच कधी घालत नाही. जॅकेटं मागच्या पेटीत असतात, पेटीवर टोपली ठेवायला बरं पडतं.

"हे तुम्ही लिहिलं नाहीत," ती म्हणाली.

"ब्लॉग माझा आहे! मला जे मजेचं वाटतं ते मी लिहिते."

"म्हणून तर विचारतेय," ती शांतपणे म्हणाली आणि उठली. "धक्क्यावर येता का?"

मी गेले. जाणारच. धक्क्यावर तिने जो दिसेल त्याला विचारलं. कोळणींना विचारलं खडक कुठे आहे, तर त्या एवढ्या हसल्या की टोपल्या खाली ठेवाव्या लागल्या. मला धरून काठावर आणणारी त्यांतलीच एक निघाली. "या बायला मी नि जावेनं धरलंव," ती म्हणाली. "माज्या पायावरच वतलंन सगळा." बातमीदाराने तेही टिपून घेतलं.

चाचा बोटीच्या कडेवर बसले होते. तिने त्यांना नमस्कार केला आणि सगळं नीट विचारलं. बोट कधी तपासली, किती माणसं घेता, वारा वाढला तर काय करता. चाचा खुलले. जहाजावरच्या गोष्टी सांगायला लागले. मग ती म्हणाली, "चाचा, जॅकेटची पेटी उघडता?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग पेटी उघडली. जॅकेटं होती. घडी न मोडलेली, एकमेकांना चिकटलेली. तिने मोबाईलवर फोटो काढला.

"बाय," चाचा मला म्हणाले, "हिला तू आनलीस?"

मी तिला बाजूला घेतलं. अगदी हात धरून. म्हटलं, बाई गं, तुला खडक नाही हे कळलं ना? मला बोट लागली हे कळलं ना? मग तेवढंच लिही. जॅकेटांचं कशाला? हा म्हातारा माणूस, पोरगा बोट विकायला टपलेला, कचेरी वाटच बघतेय. तुझ्या एका ओळीने बोट कायमची जाईल.

"जाऊही शकेल," ती म्हणाली. "पण ते गाळलं तर ही तुमच्या बाजूची बातमी झाली. आधीची खडकाच्या बाजूची होती. मग खडक नव्हता यावर तरी कुणी विश्वास का ठेवायचा?"

"माणुसकी नाही तुम्हा लोकांना!"

"मला उशीर होतोय," ती म्हणाली. "अजून कचेरीत जायचंय." आणि गेली.

चाचा माझ्याशी बोलले नाहीत. मी धक्क्यावरून घरापर्यंत तिला शिव्या देत आले, मनातल्या मनात, पण नाटकातल्या आवाजात. आधीच्याने न विचारता म्हाताऱ्याला बुडवला, ही विचारून बुडवणार. त्या दिवशी दोघांतला कोण जास्त वाईट हे मला ठरवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त वाईट वाटत होती.

बातमी आली ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत. राशिभविष्याखाली नव्हे. त्यासाठी ती घाटावर फोनवरून भांडली, असं कार्यालयप्रमुखांनी मला नंतर सांगितलं. बातमीत लिहिलं होतं, की बोट कशालाही आदळलेली नाही, त्या मार्गावर खडक नाही, प्रवासी महिलेला ‘भरपेट न्याहारीनंतर’ प्रवासात त्रास झाला, बोटचालकाचे हात सुकाणूवर होते, आधीचे वृत्त चुकीचे होते. भरपेट! सबंध जिल्ह्याला! पुढे लिहिलं होतं, बोटीत जॅकेटं आहेत पण कुणी वापरत नाही. शेजारी पेटीचा फोटो. आणि त्याखाली कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं. तिने त्यांना फक्त एक प्रश्न विचारला होता, बोट बंद केली, तर बोटीवर जाऊन ती बघितली कुणी? साहेबांचं उत्तर तिने तसंच छापलं होतं: ‘अद्याप कोणी गेलेले नाही.’

माझं भाषण शिपायाला आवडलं होतं. हिच्या या एका वाक्याने दुसऱ्याच दिवशी साहेब स्वतः धक्क्यावर आले. बोट वर ओढायला लावली, खालून बघितली, हात फिरवला. कुठे ओरखडा नव्हता. जॅकेटं बाहेर काढून मोजली, उन्हात वाळत घालायला लावली. आणि सगळ्यांनी घातल्याशिवाय बोट सोडायची नाही या बोलीवर परवानगी दिली. कुवेतच्या मुलाने बातमी वाचली आणि फर्मान काढलं, अब्बा, रोज जॅकेट घातलेला फोटो पाठवायचा, एक दिवस चुकला तर गिऱ्हाईक आणतो. बोट राहिली.

हे सगळं ऐकून मला आनंद झाला, पण अजून राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. भरपेट हा शब्द कुणी मागितला होता तिला?

बोट सुरू झाली त्या सकाळी मी मुद्दाम गेले. चाचा माझ्याशी बोलतात का ते बघायचं होतं. बोट भरली. कोळणी, कॉलेजची मुलं, एक नवरा-बायको. चाचा नारिंगी जॅकेट घालून उभे होते, दोन मापं लहान, पोटावर बंद ताणलेले. प्रत्येकाच्या हातात त्यांनी एकेक दिलं. माझ्याही दिलं, न बघता.

ते ओलसर होतं, त्याला माशांचा वास होता आणि मी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसले होते. मी ते मांडीवर ठेवलं.

चाचांनी इंजिन बंद केलं.

"चाचा, लांब कुठे जायचंय," मी म्हटलं. "इथे तर समोर आहे."

चाचा पाण्याकडे बघत राहिले. आता मात्र खरंच बघ्याची भूमिका.

"घाला ना काकी," एक कॉलेजची मुलगी म्हणाली. "पहिला तास आहे आमचा."

"घाल गो!" कोळीण ओरडली. "माजे बांगडे तापतायत!"

मी घातलं. घालताना साहजिकच मी काही मतं व्यक्त केली. जॅकेटबद्दल, कचेरीबद्दल, पत्रकारितेबद्दल आणि एकूणच लोकशाहीबद्दल. बंद लागेनात, ते कोळणीने लावून दिले, श्वास कोंडेल इतके घट्ट. मग चाचांनी इंजिन सुरू केलं. बोट सुटली. धक्का मागे राहिला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"हे पन लिवनार काय?"

"लिहिणार," मी म्हटलं. "माझा ब्लॉग आहे."

"लिव. पन जाकीट घातलंस, तेवढंच नको लिवू. किती कुरकुर केलीस ती पन लिव."

लिहिली. पण चाचांचं म्हणणं मला मान्य नाही. ती कुरकुर नव्हती. निषेध होता.